फोटो स्वच्छ येतात, पण ‘माझे’ वाटत नाहीत: वाईच्या घाटावरच्या एका हौशी फोटोग्राफरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून काही वर्षं फोटोग्राफी चालू आहे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ ही फोटो किती उजळ येईल ते ठरवणारी तंत्रं कळतात. फोटो स्वच्छ येतात, ओळखीचे लोक ‘भारी’ म्हणतात. पण दहा जणांच्या फोटोंत आपला मिसळला तर आपल्यालाच ओळखता येणार नाही. हौशी माणसाने या छंदाकडे कला म्हणून बघायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? कॅमेरा बदलावा, कोर्स करावा, की एखाद्या क्लबात जावं?

मीही हौशीच आहे. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, फोटो विकत नाही. राहायला वाईत, त्यामुळे बरीच वर्षं कृष्णेच्या घाटांवर आणि आसपासच्या शिवारात कॅमेरा घेऊन फिरतो. एवढ्या फिरण्यातून माझं जे मत पक्कं झालं ते असं: फोटो आपला होतो तो निवडीमुळे. कुठे उभं राहायचं, त्याच जागी किती वेळा परत जायचं, चौकटीबाहेर काय ठेवायचं आणि शेवटी कागदावर काय उतरवायचं, या निवडी जितक्या जाणूनबुजून कराल तितका फोटो तुमचा. तंत्र हवंच, पण ते तुमच्याकडे आहे असं तुम्हीच लिहिलंय.

कॅमेऱ्याचं आधी उरकतो. आहे तोच ठेवा. 24 मेगापिक्सेलच्या फाइलमधून 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 20 बाय 13 इंचांचा प्रिंट आरामात निघतो, आणि घरच्या भिंतीला त्याहून मोठा सहसा लागत नाही. बदल करायचाच असेल तर झूम कपाटात ठेवा आणि एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे झूम न होणारी लेन्स वर्षभर लावून ठेवा. माझ्या एपीएस-सी (लहान आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटरची आहे, म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरच्या हिशेबाने साधारण 50. झूम असली की माणूस जागचा हलत नाही, अंगठा-बोटाने चौकट लहानमोठी करत राहतो. एकच लेन्स असली की पाय हलतात, आणि काही महिन्यांनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकटीत किती मावणार ते दिसायला लागतं. मोबाइल वापरत असाल तरी हेच करा: त्यातली एकच लेन्स ठरवा आणि बोटांनी झूम करणं सोडा.

आता जागा. यावर जरा जास्त बोलतो, कारण बहुतेक जण इथेच अडकतात.

हौशी माणूस वर्षाची रजा साठवून लडाखला, वाराणसीला, पुष्करच्या मेळ्याला जातो. जावं, आनंद म्हणून जरूर जावं. पण चार दिवसांत हाती लागतं ते तिथलं सगळ्यात उघड दृश्य, आणि ते आधी हजारोंनी काढलेलं असतं. आमच्याकडचंच उदाहरण देतो. वाईपासून जवळच मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेत उतरणारा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी पोर्तुगीज घंटा. सिनेमावाल्यांना हा घाट फार आवडतो, त्यामुळे प्रत्यक्ष न पाहिलेल्यांनाही तो ओळखीचा वाटतो. येणारा प्रत्येक जण साधारण एकाच ठिकाणी उभा राहतो आणि पायऱ्या, देऊळ, पाणी, आकाश अशी एकच चौकट घेऊन जातो. ती चौकट सुंदरच आहे, आपणही ती काढावी. एकदा मनासारखी काढून झाली की डोक्यातून जाते, आणि मग तिच्यामागचं दिसायला लागतं: कोणत्या पायरीला मध्ये खळगा पडलाय, साबणाचं पाणी कोणत्या फटीतून उतरतं, पुराची रेघ कुठवर आली होती.

वाईच्या गणपती घाटावर मी सगळ्यात जास्त जातो. ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या अगदी काठाशी आहे, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून. पर्यटक समोरून दर्शन घेतात आणि फोटोही समोरूनच काढतात. मला ती मागची भिंत खुणावते. पावसाळ्यात तिच्यावर ओल चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि ओल्या-कोरड्याची सीमा दर महिन्याला वेगळी असते. वरच्या अंगाला धोमचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात आणि काल काढलेली चौकट आज तिथे नसते. एवढ्याशा जागेत एवढं चालू असतं, ते एका फेरीत कळत नाही.

उजेडाचंही तसंच. वाई साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये जवळपास तितकाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा जवळजवळ 50 अंश सरकते. एखाद्या भिंतीवर जानेवारीत सकाळी तिरकं ऊन पडून दगडाचा टाका न् टाका उठून दिसतो, तीच भिंत मे महिन्यात त्याच वेळी सपाट दिसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर साडेबाराच्या सुमारास खांबाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते, कारण सूर्य थेट डोक्यावर आलेला असतो. फोटोग्राफीच्या पुस्तकांत ‘भर दुपारी फोटो काढू नका’ लिहिलेलं असतं. मी त्या आठवड्यात मुद्दाम दुपारी जातो. पायऱ्यांच्या कडांखाली फक्त एक काळी दोरी उरते, बाकी सगळं पांढरंफटक. असा घाट वर्षात इतर वेळी दिसत नाही.

म्हणून एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन कुठे होतं, पाणी कोणत्या पायरीला होतं. मी तारीख म्हणतोय ती इंग्रजी तारीख, तिथी नव्हे. सण तिथीने येतात, ऊन तारखेने येतं. माघ-फाल्गुनात आमच्याकडे कृष्णामाईचा उत्सव घाटाघाटावर फिरत चालतो. एखाद्या वर्षी तो लवकर येतो, अधिक महिना पडला की पुढच्या वर्षी उशिरा. त्यामुळे त्याच घाटावर, त्याच पूजेला, त्याच वेळी पोचलं तरी उजेड मागच्या वर्षीचा नसतो. वही असली तर हे आधी कळतं आणि कुठे उभं राहायचं ते घरूनच ठरवून निघता येतं.

एक जागा धरून ठेवणं किती दूर नेऊ शकतं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण प्रागचे फोटोग्राफर योसेफ सुदेक यांचं. जन्म 1896 चा. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. तरीही ते मोठे, जड कॅमेरे वापरत राहिले. दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं, तेव्हा 1940 पासून त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे 1954 पर्यंत ते काढत राहिले. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, खिडकीच्या फळीवर एखादा पेला. एवढंच. ती मालिका बघताना मला कधी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक फोटोत काचेवरचा ओलावा वेगळा आहे आणि तो त्या माणसाने पाहिलेला आहे. सुट्टीत लांब जाता येत नाही म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाने ही मालिका बघावी.

आता तंत्रातली एक गोष्ट, कारण तुमचा प्रश्न ‘तंत्र येतं, पुढे काय’ असा असला तरी तंत्र आणि दृष्टी जिथे एकमेकांत गुंततात ती जागा दाखवल्याशिवाय माझं म्हणणं नीट पोचणार नाही.

घाटाचा दगड काळा. बेसाल्ट. भिजला की आणखी काळा, आणि त्यावर उजेडाची चकाकी. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. त्यामुळे चौकटभर काळा दगड असला की ते एक्स्पोजर (फोटोसाठी घेतला जाणारा उजेड) वाढवतं आणि फोटोत दगड राखेच्या रंगाचा, भिजलेली फरशी पुसून वाळवल्यासारखी दिसते. घाटाचे दहातले आठ फोटो मला याच कारणाने निर्जीव वाटतात: काढणाऱ्याने दगड काळा पाहिला होता, पण मशीनने तो राखाडी केला आणि तो तसाच राहू दिला गेला. मी अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर नेतो, कधी आणखी थोडं खाली. दगड काळा राहतो आणि त्यावरची पाण्याची चमक चांदीसारखी वेगळी उठते.

आता त्याच दगडावर कोणी पांढरं धोतर धुऊन आपटतोय असं समजा. भर उन्हातलं पांढरं कापड आणि ओला काळा दगड एका चौकटीत. दोन्ही पूर्ण तपशिलासह हवेत असं वाटतं, पण डिजिटल कॅमेऱ्यात पांढरं एकदा जळालं की त्यात काही उरत नाही, सावलीतलं मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, बरंच वर काढता येतं. म्हणून मी धोतराच्या घड्या शाबूत राहतील असं एक्स्पोजर धरतो. त्यात दगड जवळजवळ काळोखात जातो. आणि इथेच प्रश्न तंत्राचा राहत नाही. घरी आल्यावर सावल्या उचलायच्या की नाही? सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी सरकवली की दगडाचा प्रत्येक कण दिसतो. मी उचलत नाही. मला त्या फोटोत कापडाचा आघात हवा असतो. दगडाची माहिती नको असते. दुसऱ्या कोणाला दगडच सांगायचा असेल तर तो उचलेल, आणि त्याचा फोटो त्याच्यापुरता बरोबर असेल. तुमचा फोटो तुम्हाला ओळखता येत नाही, त्याचं एक कारण असं असू शकतं की असे निर्णय तुमचा कॅमेरा किंवा सॉफ्टवेअरचं ‘ऑटो’ बटण घेतंय.

रंगाचंही एक उदाहरण देतो. आमच्या भागात हळद होते. शिमग्याच्या आगेमागे काढलेली हळद शिजवायचं काम शिवारात चालतं, काहिलीत किंवा हल्ली वाफेच्या ड्रममध्ये. हळदीचा फोटो म्हटलं की पिवळाधमक ढीग डोळ्यापुढे येतो. प्रत्यक्षात शिजलेली हळकुंडं वरून मातकट, तपकिरी असतात. वाळत घातलेल्या हळदीचं खळं लांबून बघितलं तर मातीच्याच रंगाचं दिसतं. पिवळं असतं ते दुसरंच: काम करणाऱ्यांचे हात, नखांच्या कडा, पाटीचा काठ, पदराचं टोक, पॉलिशच्या ड्रमभोवतीची धूळ. हे लक्षात आल्यापासून मी हळदीचे ढीग काढणं सोडलं. चौकटीत एकच पिवळी गोष्ट ठेवायची आणि बाकी सगळं मातकट, असं ठरवून काढतो. एका बाईंचा घमेलं धरलेला हात आहे. मागे वाफ, हात मनगटापर्यंत पिवळा आणि मनगटाच्या वर त्यांचा स्वतःचा रंग. हळदीवर मी जे काही काढलं त्यात हा एक फोटो मला पुरेसा वाटतो.

तिथली दोन कामाची गणितं सांगून ठेवतो. वाफ दिसायला हवी असेल तर सूर्य तिच्या पलीकडे हवा आणि मागची बाजू गडद हवी, झाडीची किंवा सावलीतल्या भिंतीची. ऊन तुमच्या पाठीशी असलं तर वाफ फिकट धुरासारखी विरून जाते. आणि गडद पिवळ्यात फाइलमधला लाल रंगाचा हिस्सा, म्हणजे लाल चॅनेल, सगळ्यात आधी भरून जातो. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यात दिसणारा आलेख) ठीक दिसत असतानाही हळदीचा पोत गेलेला असतो. म्हणून लाल-हिरवा-निळा असे वेगळे हिस्टोग्राम लावून बघा आणि लाल उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर कमी करा.

रंगीत की कृष्णधवल, हेही काढण्याआधी ठरवावं असं माझं मत आहे. घाट मी कृष्णधवल काढतो, हळद रंगीत. कॅमेऱ्याची स्क्रीन त्याप्रमाणे लावून ठेवतो. रॉ फाइलमध्ये रंग असतातच, पण काढताना समोर काळं-पांढरं दिसत असलं की डोळा आकार आणि उजेड शोधतो. नंतर घरी बसून ‘रंगात जमला नाही, कृष्णधवल करून बघू’ असं केलेला फोटो मला तरी लगेच ओळखू येतो.

माणसांबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे. घाट हा लोकांचा आहे. तिथे कोणी कपडे धुतं, कोणी आंघोळ करतं, कोणी दशक्रियेला आलेलं असतं. शेवटच्या दोघांवर मी कॅमेरा उचलत नाही, समोर कितीही विलक्षण चित्र असलं तरी. डोक्याचे केस नुकतेच काढलेला मुलगा पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेला असतो, तेव्हा तिथे माझ्या कलेचं काही काम नसतं. बाकीच्यांना विचारावं. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ एवढं पुरतं. विचारल्याने सहजपणा जातो अशी तक्रार ऐकू येते. पहिल्या पाच मिनिटांपुरती ती खरी आहे. तुम्ही तिथेच रेंगाळलात आणि पुढच्या आठवड्यात परत दिसलात की तुमच्याकडे कोणी बघत नाही.

आणि प्रिंट द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं वेगळं, हातात कागद देणं वेगळं. घाटावरच्या एका आजींना मी फोटो काढू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘थांब, पदर घेते.’ डोक्यावरून पदर, हात मांडीवर, नजर थेट लेन्समध्ये. मला हवा होता तो त्यांचा वाकून कपडे पिळतानाचा फोटो. पण आधी त्यांना हवा तो काढला, मग माझा. आठ बाय दहाचा प्रिंट नेऊन दिला. पुढे त्या गेल्या. त्यांच्या घरी गेलो तर हार घातलेला फोटो तोच होता, मुलाने फ्रेम करून लावलेला. तेव्हापासून माझा नियम असा आहे की माणसाला हवा तो फोटो आधी काढायचा, आणि माझ्या फोटोइतक्याच मन लावून काढायचा: तोंडावर उजेड नीट, डोळे धारदार, मागे गचाळ काही नको. आपल्याकडे पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसाचा धड एक फोटो नसतो. तुमच्या हातात कॅमेरा आहे तर हे देणं तुमच्याकडे लागतं.

आता निवड. खरं काम इथे आहे, आणि हौशी मंडळी नेमकी इथेच घाई करतात. संध्याकाळी काढलेला फोटो रात्री कुठे टाकू नका. काढतानाचा आनंद, त्या दिवशीची हवा, चढून गेल्याचे श्रम, हे सगळं आपल्या डोक्यात ताजं असतं आणि आपण ते फोटोत आहे असं समजतो. बघणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. मी फाइली उतरवतो, तारखेने ठेवतो आणि निदान महिनाभर उघडत नाही. मग बघितलं की आठवण पुसट झालेली असते आणि चौकटीत खरंच काय आहे ते दिसतं.

त्यातून जे उरतात त्यांचे चार बाय सहाचे साधे प्रिंट गावातल्या लॅबमधून काढून आणतो आणि जमिनीवर मांडतो. स्क्रीनवर एकेक फोटो एकटा येतो आणि प्रत्येक जण बरा वाटतो. जमिनीवर ते शेजारी शेजारी आले की लगेच कळतं: हे चार एकच गोष्ट सांगतायत, तीन काढून टाका. हा फक्त आकाशामुळे उभा आहे. हा चांगला आहे पण दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, कुठेतरी पाहिलेल्या फोटोची नक्कल आहे. हा शेवटचा निकष फार महत्त्वाचा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या जमिनीवर मिळेल. जे उरतात ते कपाटाच्या दारावर चिकटवतो. रोज जाता-येता नजर पडते. काही फोटो आठवड्यात फिके पडतात, बहुतेक वेळा तेच जे पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त आवडले होते. काहींकडे महिन्यानेही पाय थबकतो. ते मोठे छापायचे.

छापण्याबद्दल सुदेक यांच्याकडे परत जावं लागेल. 1940 च्या सुमारास त्यांनी एक जुना, 1900 च्या आसपासचा कॉन्टॅक्ट प्रिंट पाहिला, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा काढलेला. त्यातला पोत बघून त्यांनी एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) वापरणं जवळपास सोडलं आणि पुढे आयुष्यभर कॉन्टॅक्ट प्रिंट काढत राहिले. कागद कसा दिसतो यावरून त्यांनी कॅमेरा बदलला. आपण नेमकं उलट करतो, कॅमेऱ्यावर लाख रुपये घालतो आणि कागदावर काही नाही.

स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. म्हणून स्क्रीनवर जमलेला फोटो कागदावर हमखास गडद येतो. स्क्रीनचा ब्राइटनेस बराच खाली आणा आणि पहिला प्रिंट हा चाचणीचा आहे असं धरूनच काढा. कागदाची निवडही फोटोनुसार. सुती मॅट कागदाचा स्पर्श सुंदर असतो, पण त्यावरचा काळा कधी पुरता काळा होत नाही. हळदीच्या, मातीच्या फोटोंना तो शोभतो. ओल्या बेसाल्टला मात्र बारायटा जातीचा कागद हवा, किंचित चमक असलेला. त्यावर काळा खोल जातो आणि पाण्याची चमक जिवंत राहते. हा फरक स्क्रीनवर समजावून सांगता येत नाही, दोन्ही कागद हातात धरूनच कळतो.

एडिटिंगच्या बाबतीत माझी रेघ सरळ आहे. जो उजेड तिथे होता तो गडद किंवा हलका करेन, कडा थोड्या कापेन. जे तिथे नव्हतं ते आणणार नाही, जे होतं ते पुसणार नाही. आकाश बदलणं तर नाहीच. दुसऱ्या कोणाची रेघ वेगळी असू शकते, पण कुठेतरी असावी आणि ती तुमची तुम्हाला माहीत असावी.

हौशी असण्याबद्दल तुमच्या प्रश्नात थोडा संकोच जाणवला, तो सोडून द्या. आपल्याकडे या कलेची सुरुवातच पुष्कळ अंशी हौशी लोकांनी केली. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे युरोपात ही कला जाहीर होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. तिच्यात डॉक्टर होते, सरकारी अधिकारी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातलेच, पेशाने डॉक्टर आणि हातात कॅमेरा. उमराव सिंग शेरगिल हे दुसरं नाव. अमृता शेरगिल यांचे वडील, संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक. कित्येक दशकं ते स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो काढत राहिले, कोणाच्या मागणीवरून नव्हे. आज त्यांनी स्वतःचीच काढलेली छायाचित्रं भारतीय फोटोग्राफीच्या इतिहासात मानाने मोजली जातात. व्यावसायिकाला गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं, तारीख पाळावी लागते. आपल्याला एका भिंतीवरची ओल वर्षभर बघायची मोकळीक आहे, ती पुरेपूर वापरा.

फोटोंइतकीच चित्रंही बघा. आमच्याच जिल्ह्यात औंधला भवानी संग्रहालय आहे, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. तिथे राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं समोर उभं राहून बघता येतात. एका चित्रापुढे पंधरा मिनिटं थांबा आणि फक्त एवढंच शोधा: उजेड कुठून येतोय, कशावर पडतोय आणि चित्रकाराने अंधारात काय सोडून दिलंय. मग पुढच्या चित्राकडे जा. फोटोग्राफीच्या कोणत्याही वर्गापेक्षा मला त्या दालनांत जास्त मिळालं.

कोर्स आणि क्लबबद्दल शेवटी. एक्स्पोजर कळत असेल तर आणखी कोर्सची गरज मला दिसत नाही, अपवाद प्रिंटिंगचा: चांगला शिकवणारा मिळाला तर जरूर करा. क्लबात जा, पण स्पर्धांसाठी नको. परीक्षकांना काय आवडतं हे दोन-तीन स्पर्धांत कळतं आणि मग हात आपोआप तसाच चालायला लागतो, म्हणजे पुन्हा तुमच्या मूळ दुखण्यापाशी. तिथे जायचं ते एखाद-दुसरा असा माणूस शोधायला, जो तुमचे प्रिंट हातात घेऊन शांतपणे बघेल आणि कोणता आपला नाही ते स्पष्ट सांगेल. कोर्ससाठी काढून ठेवलेले पैसे वर्षभराच्या प्रिंट्सना लावा. गावातल्या लॅबवाल्याशी ओळख करून घ्या, आणि पहिल्याच महिन्यात एक फोटो घेऊन त्याचे तीन प्रिंट काढा: एक आहे तसा, एक थोडा गडद, एक आणखी गडद. तिन्ही दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी लावा आणि त्यातला कोणता ठेवावासा वाटतो, का वाटतो, ते वहीत लिहून ठेवा.